घरी शिकणाऱ्या लहान मुलांना थंडीतले निरनिराळ्या धर्मांचे सण कसे शिकवावेत?

अंगणशाळा (पुणे)

नमस्कार. आमची मुलगी ८ वर्षांची आणि मुलगा ५ वर्षांचा आहे. दोघेही शाळेत न जाता घरीच शिकतात. दर दोन-तीन महिन्यांसाठी आम्ही एक विषय ठरवतो आणि वाचन, चित्रे, हिशेब, स्वयंपाक, भटकंती हे सारे त्याच्याभोवती गुंफतो. मार्गशीर्ष ते माघ या काळासाठी मी ‘थंडीतले सण’ हा विषय घेतला आहे आणि तो आपल्या घरातल्या सणांपुरता न ठेवता इतर धर्मांच्या सणांचीही मुलांना ओळख करून द्यावी, अशी माझी इच्छा आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांना निदान वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुले भेटतात, डब्यांची देवाणघेवाण होते, आज अमका का आला नाही हे कळते. आमच्या मुलांना हे आपोआप मिळत नाही, म्हणून याबाबतीत माझी जबाबदारी अधिक आहे असे मला वाटते.

सुरुवात मी एका परदेशी कृतिपुस्तिकेने केली आणि तिथेच अडखळले. तिच्यात नाताळ, हनुका, क्वांझा, ईद आणि दिवाळी यांना एकेक पान दिलेले आहे. प्रत्येक पानावर बर्फ पडतो आहे आणि प्रत्येक सणाखाली ‘प्रकाशाचा सण’ असेच लिहिलेले आहे. पाने रंगवून झाल्यावर मुलीने विचारले, “म्हणजे हनुका हा ज्यू लोकांचा नाताळ आहे का?” मला नीट उत्तर देता आले नाही.

त्याहून अवघड प्रसंग दुसऱ्या दिवशी आला. येशूच्या जन्माची गोष्ट सांगताना मी “ख्रिस्ती लोक असं मानतात की” अशी सुरुवात केली आणि थोड्या वेळाने संक्रांतीची गोष्ट सांगताना “देवीनं संकरासुराला मारलं” असे सरळ बोलून गेले. मुलीने मला तिथेच थांबवले. “त्यांची गोष्ट ते मानतात आणि आपली खरंच घडली, असं आहे का?” मी काही ठरवून तसे बोलले नव्हते, पण बोलले हे खरे आहे, आणि तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

ज्यांच्या घरी हे सण होतात त्यांनी, आणि ज्यांनी लहान मुलांना शिकवले आहे त्यांनी, कृपया मार्गदर्शन करावे. कोणते सण घ्यावेत, ते वेशभूषा स्पर्धेसारखे न होता कसे दाखवावेत, आणि मुलीच्या त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

आगाशीकर (वसई)

ताई, आम्ही वसईतले मराठी कॅथलिक. आमच्या घरात दोन मुले आहेत आणि ती शाळेत जातात, परंतु नाताळाची तयारी हा आमच्याकडेही घरातलाच अभ्यास असतो, म्हणून लिहिते.

पहिली विनंती अशी की, नाताळ २५ डिसेंबरला सुरू होतो असे मुलांना सांगू नका. त्याआधीचे चार रविवार हा आमचा आगमनकाळ असतो. हिरव्या डहाळ्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या ठेवतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, आणि दर रविवारी एक वाढवत नेतात. या काळाचा सारा अर्थ वाट पाहण्यात आहे. पाच वर्षांच्या मुलाला तारणाची संकल्पना समजणार नाही, परंतु वाट पाहणे त्याला मोठ्यांपेक्षाही चांगले समजते. गोठ्याचेही तसेच. आमच्याकडे गोठा आधीपासून बांधून तयार असतो, त्यात मरिया असते, योसेफ असतो, गाय, मेंढरे, मेंढपाळ असतात, परंतु गव्हाण रिकामी ठेवतात. बाळाची मूर्ती २४ तारखेच्या रात्रीच ठेवायची. माझा धाकटा मुलगा चार वर्षांचा असताना रोज सकाळी उठून गव्हाणीत डोकावून यायचा. नाताळविषयी मी त्याला जे काही सांगितले असेल, त्यापेक्षा त्या रिकाम्या गव्हाणीने त्याला अधिक शिकवले.

गोठ्याभोवतीचे शेत हिरवे दिसावे म्हणून आम्ही पसरट भांड्यात माती घालून नाचणी पेरतो. गोव्यातही ही रीत आहे. आठ-दहा दिवसांत लुसलुशीत कोंब येतात. तुमच्याकडे नवरात्रात घट बसवत असाल, तर मुले ते पाहताच ओळखतील, आणि ही ओळख त्यांना स्वतःहून पटू द्यावी. ‘बघा, दोन्ही एकच’ असे मात्र सांगू नये, कारण ते एक नाही. घटातले धान्य देवीपुढे उगवते आणि तीच पूजा असते. गोठ्यातली नाचणी हा बेथलेहेमच्या देखाव्याचा एक भाग असतो. पेरणारे हात सारखे आहेत, पेरण्याचे कारण वेगळे आहे.

बर्फाविषयी आपण लिहिलेत ते अगदी योग्य आहे. आमच्या नाताळात बर्फ कुठून येणार? आमच्याकडे केळीच्या बागा असतात, दारावर कागदाचा तारा असतो, आणि तो तारा पाहून तुमच्या मुलांना आकाशकंदीलच आठवेल. घरात करंज्या होतात, कुलकुल होतात. कुलकुलाच्या पिठाची गोळी काट्यावर किंवा नव्या फणीवर दाबून वळायची असते आणि ते काम लहान बोटांनाच चांगले जमते. सांताक्लॉज हा या सणाचा गाभा नाही हेही मोठ्या मुलीला सांगता येईल. संत निकोलस हे चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप. त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आहे आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ जन्मासंबंधीचा असा आहे, हेही जरूर सांगा. परंतु म्हणून हा सण परका आहे असे मुलांच्या मनात राहू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली आणि ती १६१६ साली छापली गेली, म्हणजे तुकाराम महाराज तेव्हा लहान होते. रेव्हरंड ना. वा. टिळक यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. ८ वर्षांच्या मुलीला एक-दोन ओव्या ऐकवून पाहा. छंद तिच्या ओळखीचा असेल.

२५ डिसेंबर हीच येशूच्या जन्माची तारीख असल्याचे शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, कुठेही लिहिलेले नाही. ती चर्चने पुढे ठरवली. ताऱ्याच्या मागे आलेले ज्ञानी पुरुष तीन होते असेही तिथे म्हटलेले नाही, भेटवस्तू तीन होत्या एवढेच आहे. तरीही गोव्यात ६ जानेवारीला रेइश मागूश, चांदर आणि कुएली इथे तीन मुलगे राजांचा वेश घेऊन निघतात आणि सारा गाव त्यांच्या स्वागताला येतो. माझ्या श्रद्धेला यामुळे काही उणेपणा येत नाही, आणि मुलीने विचारलेच तर आपणही हे मोकळेपणाने सांगावे.

चर्चमध्ये यायचे असेल तर रात्रीच्या मिस्सापेक्षा (सामूहिक उपासनेपेक्षा) २५ तारखेच्या सकाळी या. मागच्या बाकावर बसा. सगळे उठतील तेव्हा उठलात तर बरे, पण गुडघे टेकण्याची आवश्यकता नाही. लोक रांगेने कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायला जातील तेव्हा मुलांना घेऊन जागेवरच थांबावे आणि हे आधीच त्यांना समजावून ठेवावे, नाहीतर सगळ्यांना मिळते ते मला का नाही, असे लहानग्याला वाटेल.

ठाणेकर_आजी

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी यहुदी (ज्यू). वय ७१. जन्म अलिबागचा, संसार ठाण्यात झाला. आपल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: नाही, हनुका हा आमचा नाताळ नव्हे. पेसाह, रोश हशाना, योम किप्पूर हे आमचे मोठे दिवस, आणि त्यांच्या तुलनेत हनुका हा लहान सण आहे. पाश्चात्त्य देशांत तो नाताळाच्या आसपास येतो म्हणून त्याला एवढे महत्त्व आले. कोणी त्याला ज्यूंचा नाताळ म्हटले की मला मनापासून वाईट वाटते, कारण हा सण नेमका अशा लोकांची आठवण आहे ज्यांनी दुसऱ्यांसारखे होण्यास नकार दिला. ग्रीक राजा अँटायोकसने येरुशलेमच्या मंदिरात आमची उपासना बंद पाडली होती. मक्काबी बंधूंनी लढून मंदिर परत मिळवले आणि इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमारास ते पुन्हा शुद्ध करून देवाला अर्पण केले. ‘हनुका’ या शब्दाचा अर्थच अर्पण असा आहे. एका दिवसापुरते तेल आठ दिवस जळत राहिले, ही कथा पुढच्या काळातल्या परंपरेत येते.

आता आमची कोकणातली गोष्ट सांगते, कारण ती कोणत्याही कृतिपुस्तिकेत सापडणार नाही. आमचे पूर्वज नौगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी आमची परंपरा आहे. पुढे ते गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. त्या जुन्या काळात आमच्याकडे शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, होता, सुंता होती, काही उपवास होते. हनुका मात्र नव्हता. पुढे बाहेरच्या यहुदी समाजाशी संबंध आला तेव्हा तो आम्ही शिकलो. आमचे पूर्वज मक्काबींच्या आधीच निघाले असावेत असे जुनी माणसे यावरून म्हणत. मला यातले एवढेच मुलांपर्यंत पोहोचावेसे वाटते की, एकाच धर्माचे लोकही सगळीकडे सारखे सण करत नाहीत आणि सण शिकताही येतो.

हनुकाच्या दिव्याला नऊ जागा असतात. आठ रात्रींच्या आठ आणि नववा शमाश, म्हणजे सेवक. त्याच्या ज्योतीने बाकीचे लावायचे. पहिल्या रात्री एक आणि शमाश, दुसऱ्या रात्री दोन आणि शमाश, असे आठव्या रात्रीपर्यंत. एकूण मेणबत्त्या किती लागतील हे तुमच्या मुलीला काढायला सांगा. उत्तर ४४ येते. माझ्या नातवाने ते बोटांवर काढले होते आणि त्याला दोन दिवस लागले. या दिव्यांच्या उजेडात काम करायचे नसते, शिवणे नाही, वाचणे नाही. ते केवळ पाहण्यासाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत म्हणून खिडकीत ठेवायचे असतात. सण किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला सुरू होतो. आमचा महिना चंद्राचा असल्यामुळे तो नेहमी वद्य पक्षाच्या शेवटी येतो आणि आठ दिवसांच्या मध्यावर अमावस्या येते. बाहेर चंद्र लहान होत जातो आणि खिडकीत दिवे वाढत जातात. हे मुलांना गच्चीवर नेऊन दाखवा, पुस्तकात नको. यंदा, म्हणजे २०२५ साली, पहिला दिवा १४ डिसेंबरच्या संध्याकाळी आहे. तळलेले पदार्थ करायचे असतात, तेलाची आठवण म्हणून. कोणी काही करतात, माझ्याकडे बटाटेवडे होतात.

आणि एक सांगायचे राहिले. आम्हा बेने इस्राएलांचा खरा जिव्हाळ्याचा थंडीतला दिवस शेवात महिन्याच्या पौर्णिमेला, जानेवारी-फेब्रुवारीत येतो. तो झाडांच्या नव्या वर्षाचा दिवस. एलियाहू हन्नबी, म्हणजे आमचे संदेष्टे एलियाहू, यांच्या नावाने आम्ही मलिदा करतो. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, सुका मेवा, आणि बरोबर फळे. एलियाहू हन्नबींचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याला उतरला अशी श्रद्धा आहे, तिथल्या कातळावर खुणा दाखवतात आणि लोक यात्रेला जातात. लहान मुलांसाठी मी हनुकाच्या आधी हाच दिवस निवडेन. पोहे त्यांच्या ओळखीचे, अलिबाग त्यांच्या ओळखीचे.

दिव्याची नक्कल करून घरी खोटा हनुका मात्र करू नका. चित्र काढावे, मेणबत्त्या मोजाव्यात, आणि पेटलेले दिवे पाहायचे तर आमच्याकडे यावे. मनापासून बोलावते आहे.

जांभा (रत्नागिरी)

अस्सलाम आलेकुम आणि नमस्कार. थंडीतल्या सणांच्या यादीत ईद पाहून लिहावेसे वाटले. ईद थंडीतली नाही, उन्हाळ्यातली नाही आणि पावसाळ्यातलीही नाही. आमचे वर्ष पूर्णपणे चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि त्यात अधिक महिना घालत नाहीत. हिंदू पंचांगात साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो, यहुदी पंचांगात १९ वर्षांत सात वेळा महिना वाढवतात, म्हणून त्यांचे सण ऋतूला धरून राहतात. आमचा रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत सरकत सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९९७ साली रमजान जानेवारीत आला आणि पुन्हा त्याच वर्षाच्या अगदी शेवटी सुरू झाला; २०३० साली पुन्हा तसेच होईल. २००० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरी अशा दोन रमजान ईदा आल्या. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि वर्षात दोनदा नवे कपडे मिळाल्याचा आनंद मला आजही आठवतो. थंडीतले रोजे लहान दिवसाचे असतात, तहान कमी लागते, आणि आमच्या अम्मीने मला पहिला रोजा त्याच दिवसांत धरू दिला.

मुलांसाठी एक कृती सुचवतो. पुठ्ठ्याचे मोठे गोल चक्र करा, कडेने बारा इंग्रजी महिने लिहा आणि आतल्या बाजूला आंबा, पाऊस, भातकापणी, थंडी अशी चित्रे काढा. नाताळ आणि संक्रांत यांच्या टाचण्या जागच्या जागी राहतील, दिवाळी आणि हनुका थोड्या मागे-पुढे होतील, आणि ईदची टाचणी चक्रभर चालत राहील. दरवर्षी ती मुलांनीच हलवावी. ‘सगळ्यांचे सण एकाच मोसमात एकाच कारणासाठी’ हा समज त्या एका टाचणीने दूर होतो.

दिवस कधी सुरू होतो, हेही विचारून पाहा. आमच्याकडे आणि यहुद्यांकडे सूर्यास्तानंतर नवी तारीख लागते, पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, भिंतीवरच्या कॅलेंडरचा मध्यरात्री. माझ्या पुतणीला यात ईदपेक्षाही जास्त गोडी वाटली.

अंगणशाळा (पुणे)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ती कृतिपुस्तिका मी बाजूला ठेवली आहे. नाचणी पेरण्याचे ठरले आहे, चक्राचे काम मुलाने आजच सुरू केले. परंतु मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेले नाही. “खरं कोणाचं?” असे ती रोज विचारत नाही, पण मी गोष्ट सांगू लागले की ती माझ्या क्रियापदांकडे लक्ष ठेवते, हे मला जाणवते.

निवृत्त_शिक्षिका (सातारा)

मी ३४ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, त्यातली बरीच वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग माझ्याकडे होते. आपल्या मुलीने जे पकडले ते फार मोलाचे आहे. मला ते माझ्याबाबतीत कळायला खूप वर्षे लागली.

माझा अनुभव असा की, सगळ्या गोष्टींना एकच क्रियापद वापरावे. एक तर सर्वांना ‘मानतात’ म्हणावे, आणि त्यात स्वतःच्या घरालाही धरावे: “आपल्याकडे असं मानतात की देवीनं संकरासुराला मारलं.” किंवा सर्व गोष्टी गोष्टीसारख्या सरळ सांगाव्यात, “मग देवदूत मेंढपाळांना म्हणाला,” “मग तेल आठ दिवस जळलं,” आणि गोष्ट संपल्यावर ती कोणाची हे सांगावे. लहानग्यासाठी मला दुसरी रीत बरी वाटते, कारण दर वाक्याला ‘मानतात’ आले की गोष्ट मरते. आपल्या मुलीसाठी पहिली. “खरं कोणाचं?” याला मी वर्गात असे उत्तर देत असे: “ही गोष्ट ज्यांच्या घरातली आहे त्यांच्यासाठी ती फार महत्त्वाची आहे. ती तशीच घडली का, हे मला तपासता येत नाही. आपल्या घरातल्या गोष्टीचंही तसंच आहे.” त्यातले शेवटचे वाक्य कधीही गाळू नये. आपण स्वतः श्रद्धावान असाल तर “माझा विश्वास आहे” असेही जरूर म्हणावे. आईचा विश्वास कशावर आहे हे मुलांना कळलेच पाहिजे, फक्त तो विश्वास म्हणून कळावा.

आणि जे तपासता येते ते मात्र त्यांच्या हातात द्यावे. अंगणात एक मीटरची काठी सरळ रोवून २२ डिसेंबरला तिची सर्वांत लहान सावली मोजा. पुण्यात ती साडेबाराच्या पुढे पडेल आणि सुमारे ९० सेंटिमीटर भरेल. १४ जानेवारीला पुन्हा मोजलीत तर ८४ च्या आसपास येईल. म्हणजे सूर्य संक्रांतीच्या आधीच उत्तरेकडे वळलेला असतो. आपली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने, निरयन पद्धतीने मोजतात, त्यामुळे सुमारे ७० वर्षांत एक दिवस असे हे अंतर वाढत गेले. साधारण १७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र होते. दिवस ‘तिळातिळाने’ वाढतो असे आजी म्हणते, ते सेंटिमीटरमध्ये दिसते. एक अडचण आधीच सांगून ठेवते: मुले सकाळी सूर्योदय पाहू लागली तर त्यांना आढळेल की पुण्यात जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उशिराच उगवत जातो. दिवस मोठा होतो तो संध्याकाळच्या बाजूने. मुलीने हे हेरले तर तिला चूक ठरवू नका, ती बरोबर असेल.

वयाचा प्रश्न इथे कोणी काढला नाही, म्हणून तो मी काढते. थंडीतल्या बहुतेक सणांच्या मागे एक क्रूर राजा आहे. नाताळाच्या कथेत हेरोद बाळांना मारायला सांगतो, हनुकामागे छळ आणि युद्ध आहे, आणि डिसेंबरच्या अखेरीस शीख बांधव गुरू गोविंदसिंगांच्या धाकट्या दोन साहिबजाद्यांची, म्हणजे मुलग्यांची, आठवण ठेवतात, ज्यांना सरहिंदला भिंतीत चिणले गेले. ती मुले तुमच्या मुलीच्याच वयाची होती. ५ वर्षांच्या मुलाला हे सांगू नये. त्याला नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातला लंगर सांगावा, सगळे एका पंगतीत जेवतात हे सांगावे. ८ वर्षांच्या मुलीला मी सांगेन, परंतु दिवसाउजेडी, मांडीशी घेऊन, आणि त्या दिवशी दुसरे काही शिकवणार नाही. या कथा गाळून केवळ दिवे आणि खाऊ दाखवला, तर लोक हे दिवस इतक्या निष्ठेने का पाळतात ते मुलांना कधीच समजणार नाही.

सण थोडे घ्यावेत. आपल्या पुस्तिकेतला क्वांझा तर धार्मिक सणही नाही. तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाचा, १९६६ साली सुरू झालेला सांस्कृतिक उत्सव आहे आणि मुले मोठी झाल्यावर त्या इतिहासासह शिकता येईल. ज्या सणाच्या घरी मुलांना प्रत्यक्ष जाता येईल, तेवढेच यंदा घ्या. स्वतःच्या घरातला सणही पाहुण्यांना दाखवतो तसा नीट दाखवा. भोगीच्या भाजीत पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, वांगी, बोरे, ऊस, तीळ हे सारे का असते? कारण ते तेव्हाच शेतात आणि रानात असते. हळदी-कुंकवाला विधवा स्त्रियांना बोलावत नसत हेही मुलीला कळू द्या, आणि आपण बोलावत असाल तर का बोलावतो हेही. दुसऱ्यांचे सण शिकवताना आपल्या सणांतली उणीव लपवली, तर मुले तेही हेरतात.

माई_नागपूर

एक सुचवते. ६ डिसेंबर आपल्या यादीत नाही. तो सण नव्हे, स्मरणदिन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण १९५६ साली त्या दिवशी झाले, धम्मदीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. लाखो लोक दादरला चैत्यभूमीवर येतात, पांढरे कपडे घालून रांगेत शांतपणे उभे राहतात आणि परतताना पुस्तके विकत नेतात. धर्म म्हणजे दरवेळी आनंदोत्सवच असतो असे नाही, हे लहान मुलांनाही समजते. आम्ही आमच्या मुलींना पाच वर्षांच्या असल्यापासून त्या दिवशी एकेक पुस्तक निवडू देतो.

अंगणशाळा (पुणे)

माई, खरे आहे. तो दिवस मला सुचलाच नव्हता याची खंत वाटते. ६ तारखेला दोघांनाही पुस्तक निवडायला नेईन आणि का नेते आहे ते सांगेन.

काल रात्री मुलीला पुन्हा संक्रांतीची गोष्ट सांगितली. “आपल्याकडे असं मानतात,” एवढे म्हणून मी थांबले. ती म्हणाली, “आता बरोबर आहे. पण तू मानतेस का?” मी म्हणाले, संकरासुर होता की नाही ते मला माहीत नाही, पण तीळगूळ देऊन भांडण मिटवायचे असते हे मी मानते. तिने थोडा विचार केला आणि ठाण्याच्या आजींना त्या काय मानतात ते विचारायचे ठरवले. आजी, आम्ही १९ डिसेंबरला, शुक्रवारी आलो तर चालेल का? पंचांगात त्या दिवशी अमावस्या आहे आणि मुलाला नेमके त्याच दिवशीचे दिवे पाहायचे आहेत. येताना काय आणावे आणि काय आणू नये तेही कळवावे.

ठाणेकर_आजी

जरूर या. परंतु शुक्रवार आहे, म्हणून संध्याकाळी पाचच्या आत पोहोचा. शब्बाथ सूर्यास्ताला लागतो आणि त्यानंतर आम्ही आग पेटवत नाही, त्यामुळे त्या दिवशी हनुकाचे दिवे आधी आणि शब्बाथचे नंतर, असे दोन्ही उजेड असतानाच लावावे लागतात. खिडकीत सहा आणि शमाश मिळून सात ज्योती असतील. अंधार पडल्यावर त्या चांगल्या दिसतात, तोवर बसावे लागेल; पुण्याला परतायला उशीर होईल, तर राहूनच जा. शिजवलेले काही आणू नका, आमच्या स्वयंपाकाचे नियम वेगळे आहेत. फळे आणा. बोरे मिळाली तर बोरे आणा, ठाण्यात चांगली मिळत नाहीत. मुलीला सांगा, तिने विचारावे. मला काय माहीत आहे आणि मी काय मानते हे दोन्ही मी तिला वेगवेगळे सांगेन.